बॅकस्ट्रोकमध्ये करिअर करायचं तर: पहिल्या तलावापासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत आणि पुढे

जून 2021 च्या शेवटी रोममध्ये झालेल्या टाइम ट्रायलमध्ये बंगळुरूच्या श्रीहरी नटराजने 100 मीटर बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहण्याचा प्रकार, 53.77 सेकंदांत मारला. टोकियो ऑलिंपिकचा थेट पात्रता निकष होता 53.85. म्हणजे तो आत गेला 0.08 सेकंदांनी. या वेगाने पोहणारा माणूस 0.08 सेकंदांत साधारण 15 सेंटिमीटर पुढे सरकतो. वीतभरही नाही!

ही वीत कुठून येते, हे कळलं की बॅकस्ट्रोकरचं करिअर कसं बांधायचं याचा निम्मा हिशेब सुटतो. दंडातल्या ताकदीचा वाटा त्यात आहेच, पण माझ्या मते मोठा वाटा भिंतीपाशी घडणाऱ्या गोष्टींचा आहे: स्टार्ट, टर्न, पाण्याखालची किक आणि शेवटचा टच. चार प्रकारांत हा एकच प्रकार असा की पोहणाऱ्याला पुढे काय आहे ते दिसत नाही. आपल्याकडे मात्र सगळा वेळ मधल्या अंतरात लेंग्थ (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत) मारण्यात जातो आणि भिंतीची तयारी स्पर्धेच्या आदल्या आठवड्यावर ढकलली जाते. हा लेख मुलगा किंवा मुलगी तलावावर जाते आहे, बॅकस्ट्रोक बरा दिसतो आहे, आता पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या पालकांसाठी आणि स्वतः पोहणाऱ्यांसाठी आहे.

आधी चारही प्रकार

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘हा बॅकस्ट्रोकर’ असा शिक्का मारू नका. हंगेरीची क्रिस्तिना एगर्सेगी 1988 मध्ये सोलला 14 व्या वर्षी 200 मीटर बॅकस्ट्रोकचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकली आणि पुढे 1992, 1996 लाही तेच सुवर्ण राखलं. हे उदाहरण पालकांच्या तोंडी फार असतं. पण ते अपवादाचं उदाहरण आहे. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा रायन मर्फी बघा: 2016 ला रिओत 100 आणि 200 अशी दोन्ही सुवर्णं, आणि 2024 ला पॅरिसमध्ये 29 व्या वर्षी 100 मीटरचं कांस्य. बॅकस्ट्रोकमध्ये टिकता येतं. घाई करायचं कारण नाही.

12-13 वर्षांपर्यंत चारही स्ट्रोक आणि इंडिव्हिज्युअल मेडली (एकट्याने चारही प्रकार सलग) पोहू द्या. फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक या दोन्हींत शरीर एका अक्षाभोवती फिरतं, त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याला उपयोगी पडतं. बटरफ्लायची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून एकत्र मारलेली) तर बॅकस्ट्रोकरची रोजची भाकरी आहे, ती पाठीवर पडून मारायची एवढाच फरक.

कल कसा ओळखायचा? मी चार गोष्टी बघायला सांगेन. पाठीवर पडल्यावर कंबर वर राहते की खाली बसते. घोटा ताणला की पाऊल सरळ रेषेत येतं का. दोन्ही हात डोक्यामागे सरळ नेऊन एकावर एक तळवे ठेवले तर दंड कानामागे जातात का, की कोपरं वाकतात. आणि चौथी, जी कुठल्याच चाचणीत नसते: नाकात पाणी गेलं तरी मूल बिचकत नाही. काही मुलं पहिल्या दिवसापासून उताणी पडून आभाळ बघत मजेत तरंगतात, काहींना महिने लागतात. पाण्याखाली असताना नाकातून सतत हलकी हवा सोडायची, गुणगुणल्यासारखी, ही सवय लागली की निम्मी भीती जाते. नोज क्लिप वापरण्यात कमीपणा काही नाही, मोठे मोठे बॅकस्ट्रोकर ती लावतात.

स्ट्रोक: पाच गोष्टी, रोज

डोकं स्थिर, कान पाण्यात, नजर सरळ वर. पाण्याने अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला कपाळावर ठेवून 25 मीटर पोहायचं, हा जुना आणि अजूनही सगळ्यात प्रामाणिक ड्रिल आहे. पेला पडला तर डोकं हललं. वाद नाही.

खांदे फिरतात, डोकं नाही. उजवा हात पाण्यात जाताना उजवा खांदा खाली आणि डावा खांदा पाण्याबाहेर यायला हवा. सपाट पडून पोहणाऱ्या मुलाचा हात वरवरचं पाणी ढवळतो आणि खांदा दुखावतो.

हात पाण्याबाहेर येताना अंगठा आधी, आत जाताना करंगळी आधी. हात खांद्याच्या रेषेत आत जायला हवा. डोक्यामागे आडवा गेला की कंबर सापासारखी डावी-उजवी डोलायला लागते. हे पोहणाऱ्याला स्वतःला कळत नाही. तलावाच्या टोकाला उभं राहून मोबाइलवर समोरून दहा सेकंदांचं चित्रण करा, लगेच दिसतं.

पाण्याखाली कोपर वाकलेलं, साधारण काटकोनात, आणि बोटं कडेच्या भिंतीकडे. सरळ हाताने पाणी खाली दाबलं तर शरीर वर उचललं जातं, पुढे जात नाही.

किक कंबरेतून आणि सलग. गुडघे पाण्याबाहेर दिसले तर सायकल चालू आहे असं समजा. दर दोन हातांमागे सहा किक, हा 100 मीटरचा नेहमीचा ठेका. 200 लाही बहुतेक चांगले बॅकस्ट्रोकर तो सोडत नाहीत, कारण किक थांबली की कंबर बसते.

फ्लॅग, मोजणी आणि भिंत

आता मुख्य गोष्ट. नियमाप्रमाणे भिंतीपासून 5 मीटरवर, पाण्यापासून 1.8 मीटर उंचीवर झेंड्यांची दोरी बांधलेली असते. बॅकस्ट्रोकरला भिंत दिसत नाही, त्याला फ्लॅग दिसतात. डोक्यावरून फ्लॅग गेल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात लागतात हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. बारा वर्षांच्या मुलीचे पाच-सहा, उंच तरुणाचे तीन-चार. टर्नसाठी त्यातला शेवटचा हात सोडून पालथं व्हायचं, फिनिशला पूर्ण आकडा मोजून हात मागे फेकायचा.

मोजणी रेसच्या वेगानेच ठरवायची. सावकाश पोहताना पाच हात लागणाऱ्याला पूर्ण वेगात चार लागू शकतात, आणि मग पाचव्या हाताच्या भरवशावर असलेलं डोकं भिंतीवर आपटतं. त्यामुळे महिन्यातून एकदा, विशेषतः मूल उंच होत असताना, मोजणी नव्याने तपासा. एका वर्षात सहा-सात सेंटिमीटर वाढलेल्या मुलाची जुनी मोजणी बाद झालेली असते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडची खरी अडचण अशी की अनेक तलावांवर फ्लॅग नसतातच, किंवा स्पर्धेच्या दिवशी बांधून संध्याकाळी काढून ठेवतात. त्यावर उपाय स्वस्त आहे. नायलॉनची दोरी, त्यावर शिवलेले रंगीत कापडाचे त्रिकोण, दोन्ही काठांना खांब. टेपने 5 मीटर मोजा, 1.8 मीटर उंची धरा, पालकांनी मिळून दर आठवड्याला निदान दोन सत्रं तरी ते बांधायचं ठरवा. सरांना आणि तलावाच्या व्यवस्थापकांना आधी विचारा, एवढंच. या दोरीचा उपयोग महागड्या स्विमसूटपेक्षा जास्त आहे, हे मी पैजेवर सांगतो.

टर्नचा नियम 1991 पासून सोपा झाला. त्याआधी हाताने भिंतीला स्पर्श करावा लागायचा. आता पालथं होऊन कोलांटी मारता येते आणि पायाने स्पर्श चालतो. पण अट अशी की खांदा उभ्या रेषेच्या पलीकडे गेला की लगेच एका हाताची किंवा दोन्ही हातांची एकत्र एकच सलग ओढ घ्यायची आणि त्याच ओघात फिरायचं. लवकर पालथं झालं आणि भिंत लांब राहिली म्हणून मुलं किक मारत किंवा तरंगत पुढे सरकतात, तिथे ती बाद होतात. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये बॅकस्ट्रोकला पंचांचा हात सगळ्यात जास्त वर होतो तो याच चुकीवर. भिंत सोडताना पुन्हा पाठीवर असणंही बंधनकारक आहे.

फिनिशही पाठीवरच. टच होण्याआधी मान वळवून भिंत शोधणारं मूल खांद्यासकट पूर्ण फिरलं, तर अख्खी रेस वाया. 2023 पासून नियमात एक सवलत आली: शेवटच्या 5 मीटरच्या खुणेपुढे डोकं गेल्यावर पोहणारा पूर्ण पाण्याखाली असला तरी चालतं. वरच्या पातळीवरचे जलतरणपटू हात मागे फेकून, छाती वर ढकलून पाण्याखालून टच करतात, ते यामुळे वैध झालं. लहान मुलांना हे शिकवायची घाई नको. आधी मोजणी पक्की करा.

स्टार्ट

बॅकस्ट्रोकची सुरुवात पाण्यातून होते. म्हणूनच मेडली रिलेत (चौघांनी पाळीपाळीने एकेक प्रकार पोहायची शर्यत) पहिली पाळी, म्हणजे पहिला लेग, बॅकस्ट्रोकरचा. लांब शिट्टी झाली की पाण्यात उडी मारायची, दुसऱ्या लांब शिट्टीला उगाच वेळ न घालवता भिंतीपाशी येऊन दोन्ही हातांनी पकड घ्यायची, मग ‘टेक युवर मार्क्स’ आणि सिग्नल.

मोठ्या स्पर्धांत पाय घसरू नयेत म्हणून भिंतीवर बॅकस्ट्रोक लेज, म्हणजे पाय टेकवायची पट्टी, टांगतात. जगात ती 2014 च्या सुमारास आली. लेज वापरताना दोन्ही पायांचं किमान एकेक बोट भिंतीला किंवा टच पॅडला (भिंतीवरच्या वेळ नोंदवणाऱ्या फळीला) टेकलेलं हवं आणि बोटं पॅडच्या वरच्या कडेवर वळवायची नाहीत. आपल्या बहुतेक जिल्हा तलावांवर लेज नसते, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा ती बघणारं मूल गोंधळतं. स्पर्धेच्या ठिकाणी सरावाला पाण्यात उतरायची मुभा असते, त्या वेळात आधी स्टार्टच्या रांगेत उभं राहा आणि तीन-चार स्टार्ट घ्या. गुळगुळीत फरशीवर लेजशिवाय स्टार्ट घ्यायची असेल तर एक पाऊल किंचित वर, एक खाली ठेवलं की पकड बरी मिळते.

आणि उडी वरच्या दिशेला नको. पाठीची कमान करून हात, डोकं, कंबर, पाय एकाच ठिकाणाहून पाण्यात शिरायला हवेत. पाठ आपटल्याचा आवाज आला तर तिथेच वेग संपला.

पाण्याखालचे 15 मीटर

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने 100 मीटर बॅकस्ट्रोकच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) 54.51 चा विश्वविक्रम केला. पहिल्या लेंग्थमध्ये तो तीस मीटरहून जास्त अंतर पाण्याखालून डॉल्फिन किकवर गेला होता. अंतिम फेरीत जपानच्या दाइची सुझुकीने 55.05 वेळेत त्याला मागे टाकलं, तोही पाण्याखालून लांब आलेला. यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आधी 10 मीटरची मर्यादा घातली आणि 1991 पासून ती 15 मीटर झाली. आजही स्टार्ट आणि प्रत्येक टर्ननंतर 15 मीटरच्या खुणेपर्यंत डोकं पाण्याबाहेर यावं लागतं.

हिशेब करा. 50 मीटरच्या तलावात 100 मीटरच्या शर्यतीत पाण्याखालचे कमाल 30 मीटर, 25 मीटरच्या तलावात 60. ज्याची पाण्याखालची किक पृष्ठभागावरच्या पोहण्यापेक्षा वेगवान आहे, त्याने हे सगळे मीटर वापरावेत. ज्याची नाही, त्याने सहा-आठ मीटरवर वर यावं. स्टॉपवॉच घेऊन बघा: स्टार्टपासून 15 मीटरपर्यंत लागलेला वेळ, एकदा लांब किक मारून आणि एकदा लवकर वर येऊन. आकडा सांगेल ते ऐकायचं, फॅशन नाही.

सरावासाठी 25 मीटरच्या तुकड्यांत पहिले 10-12 मीटर पाण्याखाली, बाकी पूर्ण स्ट्रोक, मध्ये भरपूर विश्रांती. आठवड्यातून तीनदा 8 ते 12 तुकडे पुरतात. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो: श्वास रोखून लांब पाण्याखाली जायच्या पैजा मुलांना लावू देऊ नका. उतरण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन मग खाली जाणं तर अजिबात नाही. त्याने श्वास घ्यायची इच्छा उशिरा होते आणि मूल कसलीही सूचना न देता पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतं, चांगलं पोहणारंसुद्धा. पाण्याखालचा सराव काठावर लक्ष ठेवणारा मोठा माणूस असेल तेव्हाच.

आठवडा कसा आखायचा

12-13 वर्षांना आठवड्याला पाच-सहा सत्रं, दीड-दोन तासांची. 15 नंतर आठ-नऊ सत्रं आणि त्यात दोन-तीन जमिनीवरच्या व्यायामाची. आकडे तलावाच्या वेळांनुसार बदलतील. आपल्याकडे महापालिकेच्या तलावावर बॅच 45 मिनिटांची असते आणि लेनमध्ये आठ-दहा जण असतात, तिथे दोन तासांचा सेट कागदावरच राहतो. मग वेळ कमी असेल तर मीटर कमी करा, पण भिंतीचं काम कमी करू नका. 45 मिनिटांचं एक सत्र मी असं लावेन: 400 मीटर हलकं मिश्र पोहणं, 8 वेळा फ्लॅगपासून भिंतीत जाऊन टर्न घेऊन परत फ्लॅगपर्यंत, 6 वेळा 50 मीटर बॅकस्ट्रोक रेसच्या ठेक्यात प्रत्येकी मिनिटभर विश्रांतीसह, 4 स्टार्ट 15 मीटरपर्यंत, शेवटी 200 हलकं.

उघड्या तलावावर छत नसतं, त्यामुळे सरळ रेषा धरायला वर काही नसतं. मुलं दोरीला घासत जातात. डोळ्याच्या कोपऱ्यातून लेनची दोरी बघायची सवय लावा आणि सकाळी सातनंतर सराव असेल तर आरशाचे गॉगल घ्या. दोरीचे शेवटचे 5 मीटर वेगळ्या रंगाचे असतात, फ्लॅग नसतील तिथे त्याचाही आधार होतो. बंदिस्त तलावावर छताचे पाइप किंवा पत्र्याच्या रेषा कामी येतात, फक्त स्पर्धेच्या आधी त्या खरंच लेनला समांतर आहेत का ते बघा. तिरप्या छताने फसलेले पुष्कळ आहेत.

खांदा जपणं हे या करिअरमधलं विम्याचं काम. लवचिक पट्टा दाराच्या कडीला बांधून कोपर कंबरेला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, रोज 15 चे दोन-तीन सेट. पाठीच्या फऱ्यांना मागे ओढणारे व्यायाम, पोटाचा प्लँक. ताणण्याच्या नावाखाली दुसऱ्याने मागून हात ओढणं बंद करा. बॅकस्ट्रोकरचे खांदे आधीच सैल असतात, त्यांना ताकद हवी. पोहताना खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचणारं दुखणं दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर किकबोर्डवर सराव आणि फिजिओची भेट. गोळी खाऊन सेट पूर्ण करायचा नाही.

स्पर्धांची शिडी आणि कागद

दोन वाटा समांतर चालतात आणि दोन्ही धरून ठेवायच्या. पहिली शालेय: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या जिल्हा स्पर्धा, मग विभाग, राज्य आणि राष्ट्रीय, 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत. दुसरी संघटनेची: जिल्हा संघटना, राज्य संघटना, आणि भारतीय जलतरण महासंघाच्या सब-ज्युनिअर, ज्युनिअर, सीनिअर राष्ट्रीय स्पर्धा. इथे गट जन्मसालावरून ठरतात. वर्षाच्या सुरुवातीलाच त्या वर्षीचं परिपत्रक वाचा, कारण गटांची आखणी मधूनमधून बदलते. या दोन वाटांखेरीज खेलो इंडिया युवा स्पर्धा, पुढे आंतरविद्यापीठ आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा पणजीच्या कांपालचा तलाव देशभरातल्या जलतरणपटूंनी गजबजला होता.

कागदपत्रांची फाइल पहिल्या वर्षापासून: जन्माचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, महासंघाचा नोंदणी क्रमांक, वैद्यकीय दाखला, प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र आणि निकालाचं पान. जन्मतारखेत एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं असेल तर ते आजच दुरुस्त करा. राज्य निवडीच्या आदल्या दिवशी ते होत नाही.

स्पर्धेच्या दिवशी हीटच्या निदान तासभर आधी पाण्यात. दोन कॅप, दोन गॉगल. शर्यतीनंतर मुलाला पहिला प्रश्न ‘कितवा आलास?’ हा नको, ‘टर्नला मोजणी जमली का?’ हा विचारा. वेळ, स्प्लिट (प्रत्येक 50 मीटरची वेगळी वेळ) आणि लेंग्थमागे किती हात लागले ते वहीत लिहा. 100 मीटरमध्ये दुसरा 50 पहिल्यापेक्षा साधारण दीड ते दोन सेकंदांनी सावकाश येतो, सुरुवात पाण्यातून असली तरी पहिल्या 50 ला स्टार्टचा धक्का मिळतोच. वयोगटात हा फरक चार-पाच सेकंदांवर गेला असेल तर पहिली लेंग्थ उगाच जास्त वेगात मारली गेली आहे.

दहावी

या एका शब्दावर महाराष्ट्रातली किती करिअर संपली असतील! नववीच्या उन्हाळ्यात क्लास सुरू होतो, सकाळचा सराव सुटतो, दहावीनंतर मूल परत येतं तेव्हा शरीर बदललेलं आणि सोबतची मुलं सेकंदांनी पुढे. पूर्ण थांबण्यापेक्षा आठवड्याला तीन सत्रं, प्रत्येकी तासाभराची, आणि घरी पट्टा-प्लँक एवढं चालू ठेवलं तर परत येणं सोपं जातं. खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण असतात, त्यांचे निकष आणि अर्जाची मुदत शाळेत आधीच विचारून ठेवा.

मुलींच्या बाबतीत याच वयात वेळ काही काळ थांबते, कधी मागेही जाते. शरीराची ठेवण बदलते, तरंगण्याचा तोल बदलतो. हा आळस नाही. अशा वर्षी वजनावर टोमणे मारणाऱ्या प्रशिक्षकापासून मुलीला लांब ठेवा, लोह आणि हिमोग्लोबिन तपासा, आणि टर्न-स्टार्टवर काम करा, कारण वेळ तिथेच लवकर सुधारते.

राष्ट्रीय पदकाच्या पलीकडे

इथे आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. श्रीहरीचा 53.77 हा त्याला टोकियोला थेट घेऊन गेला. त्याच्या आदल्याच दिवशी साजन प्रकाश 200 मीटर बटरफ्लायमध्ये ‘ए’, म्हणजे थेट पात्रतेचा, निकष गाठणारा पहिला भारतीय ठरला होता, श्रीहरी दुसरा. टोकियोत प्रत्यक्ष हीटमध्ये श्रीहरीची वेळ 54.31 आली आणि उपांत्य फेरी हुकली. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो 100 मीटरच्या अंतिम फेरीत सातवा आला. पॅरिससाठी निकष 53.74 झाला, म्हणजे त्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळसुद्धा तीन शतांश कमी पडली असती. तो पॅरिसला गेला तो युनिव्हर्सॅलिटी कोट्यातून, पुरुषांत किंवा महिलांत ज्या देशाचं कोणी थेट पात्र नाही त्या देशाला त्या गटातून एकाला पाठवता येतं त्या तरतुदीतून. अहमदाबादची माना पटेलही टोकियोला याच वाटेने 100 मीटर बॅकस्ट्रोक पोहली.

आणि जग कुठे आहे? पॅरिसमध्ये इटलीच्या थॉमस चेकोनने 52.00 वर सुवर्ण घेतलं, त्याचाच 2022 चा विश्वविक्रम 51.60 आहे. महिलांत ऑस्ट्रेलियाच्या केली मॅकिओनने टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे 100 आणि 200 ची सुवर्णं नेली. पुरुषांचा 200 मीटरचा विश्वविक्रम अ‍ॅरन पिअर्सोलचा, 1:51.92, 2009 चा. वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या सूटवर 1 जानेवारी 2010 पासून बंदी आली, पण हा विक्रम त्यानंतर दीड दशक उलटलं तरी तसाच.

या सगळ्यातून व्यवहारात काढायच्या गोष्टी दोन. एक, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर बॅकस्ट्रोक पहिल्यांदा येतो आहे. ज्यांची स्टार्ट आणि पाण्याखालची किक दमदार आहे पण 100 च्या शेवटी दम जातो, त्यांच्यासाठी हा नवा दरवाजा आहे. म्हणून 15-16 वयाला फक्त 50 पोहायला लागा असा अर्थ नाही. 200 मीटरचा सराव केलेल्याचा 50 सुधारतो, उलटं क्वचित होतं. दोन, मेडली रिले. पहिल्या लेगची वेळ अधिकृत धरली जाते. मर्फीचा रिओतला 51.85 चा विश्वविक्रम रिलेच्या पहिल्या लेगमध्येच झाला होता. संघात जागा मिळवायची तर राज्यातला सर्वोत्तम बॅकस्ट्रोकर असणं पुरतं, आणि मिक्स्ड मेडली रिलेमुळे (दोन पुरुष, दोन महिला) अशा जागा वाढल्या आहेत.

या पातळीवर उत्तेजकांची चाचणी हा रोजच्या जगण्याचा भाग होतो. खोकल्याचं औषध, दम्याचा पंप, जिममधल्या डब्यातली पावडर: काहीही घेण्याआधी डॉक्टरांना ‘मी चाचणीत येणारा खेळाडू आहे’ हे सांगा, आणि गरजेचं औषध प्रतिबंधित यादीत असेल तर सवलतीचा अर्ज आधी करा. नकळत घेतलं, ही सबब ऐकली जात नाही.

तळ बदलायचा प्रश्नही याच टप्प्यावर येतो. पुण्यात बालेवाडी, मुंबईत दादरचा महात्मा गांधी तलाव अशा ठिकाणी 50 मीटरवर सराव होतो. बंगळुरूला सरावातली स्पर्धाच तगडी आहे, म्हणून मराठी घरांतली मुलंही तिकडे जातात. बाहेरगावी पाठवण्याआधी तिथे आठवडाभर सराव करून बघा. लेनमध्ये किती जण आहेत, बॅकस्ट्रोकचं वेगळं सत्र आहे का, मुलीसाठी राहायची सोय कशी आहे, आणि प्रशिक्षक टर्न मोजतो की फक्त मीटर. अमेरिकेतल्या कॉलेजांची वाटही आहे, पण तिथे यार्डांच्या तलावात पोहतात, म्हणजे भिंती आणखी जास्त. अकरावीपासूनच वेळा, चित्रण आणि गुणपत्रिका पाठवायला लागतात.

पोट कशावर भरणार

जलतरणातून थेट पैसा भारतात फार थोड्यांना मिळतो, हे घरात मोकळेपणाने बोलून घ्यावं. रेल्वे, सेनादलं, पोलीस यांची क्रीडा भरती असते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे हा फ्रीस्टाइल-बटरफ्लायचा माणूस, 2010 च्या आशियाई स्पर्धेतला कांस्यपदक विजेता, पुढे तहसीलदार झाला. बॅकस्ट्रोकरलाही तीच दारं उघडी आहेत. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका अजूनही वजनदार मानली जाते. जीवरक्षकाचं प्रमाणपत्र कॉलेजात असतानाच काढून ठेवा, सुट्टीत हातखर्च सुटतो.

आरक्षणाचा लाभ घ्यायचा तर प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते, आणि तिथे नुसता मेडलचा फोटो चालत नाही. स्पर्धा कुठल्या संघटनेची, कुठल्या दर्जाची, त्यात किती संघ किंवा स्पर्धक होते, प्रवेशिकेवर नाव काय, हे सगळं मागतात. म्हणून राज्य स्पर्धेहून परत निघतानाच प्रमाणपत्रावरचं नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, स्पर्धेचा प्रकार आणि सही-शिक्का तपासा, चूक असेल तर आयोजक मैदानावर असतानाच दुरुस्त करून घ्या. दहा वर्षांनी ते कार्यालय, ते सचिव आणि ते रजिस्टर सापडेलच असं नाही.